बाकीच्या दिवशी ते काय खातं?

या गोष्टीच्या पहिल्या खर्ड्यात लांडग्याला तीन डोळे होते. तिसरा कपाळावर नव्हता, तिथे तो महादेवाचा वाटला असता. मी तो गळ्याखाली ठेवला होता आणि तो कधी मिटत नसे. कुरकुंभच्या एमआयडीसीमागच्या ओढ्याचं निळसर पाणी पिऊन कळपातल्या माद्यांना अशी पिल्लं होतात, ती बघता बघता वासराएवढी होतात आणि एका अमावस्येला रात्रपाळीच्या कामगारांची बस अडवतात, अशी सुरुवात होती. २१० पानं लिहून झाली होती. मला ती आवडलीही होती, हे कबूल करून टाकतो.

वही वाचायला दिली नानांना. नाना वनखात्यातून निवृत्त झालेले वनरक्षक. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी दौंड, शिरूर आणि जुन्नरच्या बाजूला काढली. ते कादंबऱ्या वाचत नाहीत. पोथी लावावी तशी त्यांनी माझी वही रोज थोडी थोडी वाचली, आठव्या दिवशी परत आणून दिली, चहा घेतला आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, "सर, तीन डोळ्यांचं काही नाही. पण हे जनावर अमावस्येला माणूस खातं. बाकीच्या दिवशी काय खातं?"

मी म्हणालो, "नाना, गोष्ट आहे ती."

"मग गोष्टीतल्या जनावराला पोट नसतं का?"

त्या प्रश्नानं २१० पानांतली १६० पानं खाल्ली. उरली ती आणि नंतर लिहिली ती मिळून हे पुस्तक झालं आहे. वाचकानं गोष्टीत शिरण्यापूर्वी ही मधली पडझड थोडी सांगावी, म्हणून ही लांबलेली प्रस्तावना. घाई असेल त्यानं सरळ पहिल्या प्रकरणावर जावं. तिथेही शेवटी प्रश्न तोच आहे.

कुरकुंभ बहुतेकांनी गाडीच्या काचेतूनच पाहिलेलं असतं. पुण्याहून सोलापूरकडे निघालं की पाटस मागे पडतं आणि थोड्या वेळानं एक चौक येतो. डावीकडे दौंड, उजवीकडे बारामती. टेकडीवर फिरंगाई देवीचं देऊळ आहे. फिरंग म्हणजे परदेशी पात्याची सरळ तलवार, त्यामुळे लहानपणी आम्हाला या देवीची थोडी भीतीच वाटायची. खाली रासायनिक कारखान्यांची वसाहत. रात्री टेकडीवरून पाहिलं तर वसाहतीचे दिवे दिवाळीसारखे दिसतात. वारा फिरला की एखाद्या रात्री वास येतो, आणि घरातलं कोणीतरी न बोलता उठून खिडकी लावतं. इथल्या आणि पांढरेवाडीच्या बाजूच्या विहिरींच्या पाण्याबद्दल वर्षानुवर्षं तक्रारी चालू आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये वसाहतीतल्या एका कारखान्याला रात्री मोठी आग लागली, तेव्हा लोक अंगावरच्या कपड्यानिशी, पोरं खांद्यावर टाकून घराबाहेर पडले. भयकथा लिहिणाऱ्याला यापेक्षा तयार नेपथ्य कुठलं हवं? मी मोहात पडलो तो इथेच.

मोह जुना आहे आणि जगभरचा आहे. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेनं बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. एका जपानी मासेमारी बोटीवरच्या २३ खलाशांवर राख पडली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात जपानी पडद्यावर गॉडझिला समुद्रातून वर आला. अमेरिकेतही त्याच साली चाचणीच्या वाळवंटातल्या मुंग्या हत्तीएवढ्या झाल्या, अर्थात सिनेमात. त्याच्याही आधी, १८९६ मध्ये, एच. जी. वेल्सनं एका बेटावर डॉक्टर मोरोच्या हातून जनावरांची माणसं करवून ठेवली होती. आपल्या मराठी भयकथेनं मात्र या वाटेला फारसं जायचं टाळलं. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्यावर आमची पिढी पोसली, पण तिथलं भय बहुधा मागून येतं: जुना वाडा, पूर्वजाचं पाप, बांधून ठेवलेलं आणि कोणीतरी सोडलेलं काहीतरी. आपल्याकडचा मुंजा पिंपळावर बसतो, आणि तो पिंपळ आजोबांच्या वेळचा असतो. कालच्या मंगळवारी सोडलेल्या सांडपाण्यातून वर येणारं भूत आपल्या परंपरेत नव्हतं. ते आणावं, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती.

अडचण जीवशास्त्राची होती. उत्परिवर्तन म्हणजे जनुकाच्या लिखाणात पडलेली चूक. अशा बहुतेक चुकांचा काहीच परिणाम दिसत नाही. ज्यांचा होतो त्यातून कर्करोग होतो, गर्भ राहत नाही, पिल्लू जन्मलं तर जगत नाही. विषारी पाणी पिऊन लांडगा आजारी पडेल. त्याला सुळे फुटणार नाहीत, पळायचं बळही येणार नाही. चेर्नोबिलच्या निर्मनुष्य झालेल्या पट्ट्यात लांडगे वाढले त्याचं मुख्य कारण म्हणजे तिथून माणसं गेली. भोवतीच्या विषानं जनावराचं काय होतं याचं खरं चित्र जपानमधल्या मिनामाताचं आहे. १९५० नंतरच्या वर्षांत तिथल्या कोळ्यांच्या वस्तीतली मांजरं नाचल्यासारखी झेपा टाकत, तोल जाऊन पडत, काही समुद्रात पडून मेली. लोकांनी त्याला मांजरांचा नाचरोग म्हटलं. १९५६ मध्ये माणसांचा तोच आजार अधिकृतपणे नोंदवला गेला. कारखान्यानं खाडीत सोडलेला पारा मासळीतून आधी मांजरांच्या आणि मग माणसांच्या पोटात गेला होता. त्या मांजरांनी कोणाला ओरबाडलंसुद्धा नाही. पण ते वाचल्यावर तीन डोळ्यांचा लांडगा मला एकदम जत्रेतला वाटायला लागला.

आपल्याकडेही चित्रात शोभेल असं एक उदाहरण आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये नवी मुंबईजवळच्या तळोजा वसाहतीत निळी कुत्री दिसली. अगदी निळी, नीळ घातलेल्या धोतरासारखी. कासाडी नदीच्या आसपास, एका कारखान्याच्या आवारात अन्नाच्या शोधात शिरून त्यांच्या केसांवर रंग बसला होता. फोटो जगभर फिरले, प्रदूषण नियंत्रण मंडळानं एका कारखान्यावर कारवाई केली. नानांना मी तो फोटो मोबाइलवर मोठ्या उत्साहानं दाखवला. ते म्हणाले, "रंग धुतला की जाईल. कुत्री एवढी झाली कुठून, ते विचारा."

मग मी ते विचारायला लागलो, आणि माझी खरी भयकथा तिथे सुरू झाली.

मी दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलो. गावाबाहेर मेलेलं ढोर ओढून टाकायची एक जागा होती. तिथे गिधाडं बसायची. आम्ही पोरं लांबून दगडांवर बसून ती मोजायचो. चाळिसाच्या पुढे कोणाचंच एकमत व्हायचं नाही. उघडी मान पिसांच्या गळपट्ट्यात खुपसून ती म्हाताऱ्या माणसांसारखी वाट बघत बसत, आणि एकदा सुरू झाली की तासाभरात बैलाचा सांगाडा उरे. पुढे मी शिकायला पुण्याला गेलो, परत आलो तोवर ती नव्हती. कधी गेली ते कोणी पाहिलंच नाही. १९९० नंतर गुरांना डायक्लोफिनॅक सर्रास टोचायला लागले होते. पाठ धरली की आपण घेतो तेच हे औषध. ते अंगात असलेलं ढोर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की त्याची मूत्रपिंडं निकामी होतात. हे कारण २००४ मध्ये सापडलं, जनावरांसाठी त्यावर २००६ मध्ये बंदी आली, पण १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारातलं एखादं उरावं इतकी संपली होती.

ढोरं मात्र मरतच होती. ती आता कुत्र्यांच्या वाट्याला आली. गिधाडं गेल्यानंतर कुजकं मांस, घाण पाणी आणि पिसाळलेली कुत्री यांतून २००० ते २००५ या पाच वर्षांत देशात सुमारे ५ लाख जादा माणसं मेली, असा हिशोब दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये मांडला. त्या माणसांना जनावरानं खाल्लं असं कोणी म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. पण एका साध्या वेदनाशामकाच्या सुईपासून पाच लाख चितांपर्यंतची ही वाट गॉडझिलाला जमली नसती.

आता माळाकडे येऊ. आमचा हा भाग पर्जन्यछायेतला. कालव्याचं पाणी जिथपर्यंत पोचलं तिथपर्यंत ऊस, आणि त्याच्या वर माळ. सरकारी कागदांत या माळाला पडीक म्हणतात. पडीक शब्दाइतकी त्या जमिनीची बदनामी दुसऱ्या कशानं झाली नसेल. याच माळावर चिंकारा आहे, तरस आहे, खोकड आहे, माळढोकही एके काळी या पठारावर होता. जवळच सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं, खिशात मावेल एवढं. आणि याच माळावर लांडगा आहे. हा लांडगा जंगलातला नाही. झाडीपेक्षा मोकळं बरं, असा त्याचा स्वभाव. देशात सगळे मिळून तीन हजारांच्या आसपास उरले असावेत असा अंदाज आहे, म्हणजे वाघापेक्षाही कमी. पण त्याचं नाव घेऊन कोणी जीपगाड्या काढत नव्हतं. आता इंदापूरकडे कडबनवाडीला काढतात, ते अलीकडचं.

२०१४ च्या सुमारास दौंड तालुक्यातल्याच हिंगणीगाड्याच्या माळावर पुण्याच्या ग्रासलँड्स ट्रस्टच्या मंडळींना कळपात एक वेगळं जनावर दिसलं. अंग पिवळट, लांडग्याचा करडा रंग नाही. चाल लांडग्याची, पण पाहिल्यावर काहीतरी चुकतंय असं वाटावं असं. फोटो जमत गेले. पुढे बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी अशा जनावरांचा पूर्ण जनुकसंच वाचला आणि २०२३ मध्ये निष्कर्ष छापून आला: लांडगा आणि कुत्रा यांचा संकर. भारतात जनुकांच्या पुराव्यानिशी असा संकर सिद्ध झाल्याची ही पहिली वेळ. कुरकुंभच्या फिरंगाईपासून तो माळ फार लांब नाही.

मी वहीतल्या तिसऱ्या डोळ्यावर त्या दिवशी काट मारली. मला हवं होतं ते जनावर माझ्या तालुक्यात आधीच फिरत होतं आणि त्याला कुठल्याही ओढ्याचं पाणी प्यावं लागलं नव्हतं. कुत्री माळावर पोचली, कळप मोडले, लांडग्याच्या मादीला नर मिळेना, आणि ती कुत्र्याबरोबर गेली. बस. गिधाडापासून या पिवळ्या जनावरापर्यंतची साखळी मी जोडली आहे ती कथाकार म्हणून. शास्त्रज्ञांच्या तोंडी ती घालू नये. शास्त्रज्ञांची काळजी वेगळी आहे: अशानं लांडग्याचं रक्त पातळ होत जाईल, कुत्र्यांचे रोग कळपात शिरतील आणि एक दिवस लांडग्यासारखी दिसणारी जनावरं उरतील, लांडगा उरणार नाही. म्हणजे या खऱ्या भयकथेत भ्यायचं आहे ते लांडग्यानं.

हे मी एका मेंढपाळाला सांगून पाहिलं. बारामतीच्या रस्त्याला त्याचा वाडा बसला होता. संध्याकाळची वेळ, वाघूर लावून मेंढरं आत घेणं चाललं होतं. वाघूर म्हणजे खुंट्यांवर ताणलेली जाळी. नावात वाघ ऐकू येतो, पण ती अडवते मुख्यतः लांडग्याला. म्हातारा एकेका मेंढराच्या पाठीवर हात ठेवून मोजत होता. मोजणी संपेपर्यंत बोलला नाही. मग म्हणाला, "लांडगा येतो, एक घेतो, जातो. त्याचा आमचा हिशेब हाय. ही पिवळी येत्यात, चार मारत्यात न् टाकून जात्यात. त्यास्नी माणसाचं भ्यावच न्हाई." हे शास्त्र नव्हे, एका माणसाचं म्हणणं आहे. पण गोष्टीतलं पिवळं जनावर मला त्या एका वाक्यात मिळालं. लांडगा माणसाला भितो. कुत्रा माणसाला ओळखतो. या दोघांचं जे पोर भितही नाही आणि ओळखतही नाही, ते रात्री दाराशी आलं तर काय? पुस्तकाचा पूर्वार्ध एवढ्यावर उभा आहे.

उत्तरार्ध बिबट्याचा आहे, आणि तो लिहिताना माझा हात जड झाला. लांडग्याची गोष्ट मी रचली. बिबट्याची रचावी लागत नाही.

कालव्याच्या रेघेखाली ऊस. आडसाली ऊस शेतात १६ ते १८ महिने उभा असतो. डोक्याच्या वर वाढलेला, आत गारवा, पाटाला पाणी, बांधावर डुकरं, वस्तीवर कुत्री आणि शेळ्या. कुकडी प्रकल्पाची, चासकमानची, घोडची धरणं झाली, जुन्नर-आंबेगाव-शिरूरचं रूप पालटलं, आणि बिबट्याच्या लेखी हे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेला आपोआप तयार झालेलं जंगल ठरलं. मादी उसात विते. ऊसतोड सुरू झाली की फडात बछडी सापडतात, मग वनखात्याची माणसं ती क्रेटमध्ये घालून त्याच शेतात रात्री ठेवतात आणि आई येऊन एकेक उचलून नेते. सह्याद्रीचं रान या बछड्यांनी बघितलेलंच नसतं. त्यांच्या आयांनीही नाही. नाना म्हणतात, "त्याला जंगलात सोडा म्हणतात लोक. सर, तुम्हाला कोणी म्हणालं, तुमचे पूर्वज गुहेत राहत, चला सोडतो, तर?"

सोडून पाहिलं गेलं आहे. फेब्रुवारी २००१ पासून जुन्नर विभागात वस्तीजवळचे बिबटे पकडून दूरच्या जंगलात नेऊन सोडण्याची मोहीम निघाली. त्याआधी माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, ते १७ झाले, आणि त्यांत जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाण दुप्पट झालं. जिथे सोडले तिथे, जिथे पूर्वी कधी काही घडलं नव्हतं, तिथेही हल्ले झाले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा ताळेबंद २०११ मध्ये मांडला. बिबट्या मुळात आपली हद्द, आपली पायवाट, कोणत्या वस्तीचं कुत्रं किती वाजता मोकळं असतं हे सगळं पाठ करून जगणारं जनावर. त्याला पिंजऱ्यात घालून, घाबरवून, अनोळखी मुलखात ओतायचं, आणि मग तो वेड्यासारखा का वागतो म्हणायचं. आजोबा नावाचा एक बिबट्या २००९ मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडला होता. त्याला काढून, गळ्यात रेडिओ कॉलर घालून माळशेज घाटात सोडलं. महामार्ग, रेल्वेचे रूळ, खाडी ओलांडत तो सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाशी पोचला, आणि वाटेत एकाही माणसाला त्यानं हात लावला नाही. त्याच्यावर सिनेमाही निघाला. सिनेमा निघाला तोवर तो घोडबंदर रस्त्यावर गाडीखाली मेला होता.

हे सगळं खरं, आणि तरी. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड आणि जांबूतच्या शिवारात तीन आठवड्यांत दोन लहान मुलं आणि एक वृद्धा गेली. ज्या घरचं पोर उसात ओढून नेलं जातं, त्या घरी जाऊन हद्द आणि पायवाटेचं शास्त्र सांगायची माझी छाती नाही. लोकांनी वनखात्याची गाडी पेटवली, मंचरला पुणे-नाशिक महामार्ग अडवला. ४ नोव्हेंबरच्या रात्री बिबट्याला गोळी घातली गेली. त्याच दिवसांत पिंपरखेडच्या शेतकऱ्यांचे फोटो आले. बायका, म्हातारी माणसं, गळ्यात खिळे बाहेर आलेले पट्टे घालून खुरपणीला निघालेली. बिबट्या मागून येतो आणि मान धरतो, वाकलेलं माणूस त्याला बेतातलं जनावर वाटतं, म्हणून मान वाचवायची.

तो पट्टा मी ओळखला. मेंढपाळ आपल्या कुत्र्याला घालतात तोच.

उत्परिवर्तनाची गोष्ट लिहायला निघालेल्या माणसाच्या हातात शेवटी हे चित्र आलं: उसाच्या कडेला, पाठ वाकवून, राखणीच्या कुत्र्याचा पट्टा घातलेली एक बाई. पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी ते मी वापरू दिलं नाही. त्या बाईला विचारल्याशिवाय ते करणं बरोबर दिसलं नसतं.

रात्रीचं शिवार भीती पिकवायला फार सुपीक आहे, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. शेतीची वीज रात्री असते, म्हणून दाऱ्याला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, रात्री जावं लागतं. एका हातात बॅटरी, एका हातात फावडं, मोबाइलवर मोठ्यानं गाणी. २०२४ च्या पावसाळ्यात आमच्याकडे आकाशात रात्री ड्रोन फिरतात म्हणून गावंच्या गावं जागी राहिली. २०२५ मध्ये बिबट्याचे बनावट, संगणकानं रचलेले फोटो व्हॉट्सॲपवर फिरायला लागले आणि खरं कुठलं ते ओळखू येईना. डिसेंबर २०२४ मध्ये दौंड तालुक्यातच शेतात एका बाईचा मृतदेह सापडला. बिबट्यानं मारलं, असं सगळ्यांनी मानलं. बातम्या आल्या, पिंजरे लागले. पुढे काही महिन्यांनी प्रयोगशाळेचा अहवाल आला, त्यात बिबट्याचा मागमूस नव्हता, आणि पोलिसांनी खुनाच्या गुन्ह्यात माणसांना अटक केली. ही बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. धारपांच्या कुठल्याही पुस्तकानं माझी इतकी झोप घालवली नव्हती. उसातल्या बिबट्यानं माणसाला आडोसा पुरवला होता, आणि बिबट्याला त्याचा पत्ताही नव्हता. गोष्टीतलं सातवं प्रकरण या बातमीच्या सावलीत लिहिलं आहे. माणसं, गाव, कारण सगळं काल्पनिक आहे, त्यात कोणी कोणाला शोधू नये.

थोडं गोष्टीच्या बांधणीबद्दल. यात अमावस्या एकही नाही. रसायनाच्या वसाहतीतला निवेदक आहे, रात्रपाळीचा ऑपरेटर. पण त्याच्या कारखान्यातून कुठलाही राक्षस बाहेर पडत नाही, आणि ज्या वाचकाला तो हवा आहे त्याची मी आधीच माफी मागतो. पिवळी जनावरं आहेत. ती माणूस खातात का, हे शंभराव्या पानापर्यंत सांगितलेलं नाही. पण ती बाकीच्या दिवशी काय खातात हे पानापानावर सांगितलं आहे: कोंबड्यांच्या शेडमागे पोत्यात भरून फेकलेली मेलेली पिल्लं, ढाब्यामागची हाडं, ऊसतोडीच्या कोप्यांजवळची शेळी, महामार्गावर चिरडलेलं कुत्रं. ही यादी मी नानांबरोबर मोटारसायकलवर फिरून केली. एकेका ठिकाणी उतरून नाना काठीनं माती उकरायचे, विष्ठा फोडून केस बघायचे, वास घ्यायचे आणि म्हणायचे, "लिहा." तरसाची विष्ठा हाडांच्या चुन्यानं पांढरी पडते, हे मला तेव्हा कळलं. ते पंधराव्या पानावर आहे.

एक तक्रार मात्र येणारच, म्हणून आधी सांगतो. गोष्टीत जनावरं बोलत नाहीत, त्यांना मनही दिलेलं नाही. एका मित्रानं सुचवलं होतं की मादीच्या तोंडून एक प्रकरण लिही. मी प्रयत्न केला. तीन पानांत ती शिक्षकासारखी बोलायला लागली. मी फाडून टाकलं.

शेवटचा खर्डा पुन्हा नानांनाच दिला. या वेळी अकरा दिवस लागले. वही परत आली तेव्हा आत एकाच ठिकाणी शिसपेन्सिलीची खूण होती. नवव्या प्रकरणात बिबट्यासाठी पिंजरा लावतात आणि आत शेळी बांधतात, तिथे. समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, "शेळी वेगळ्या कप्प्यात असते, मध्ये जाळी. बिबट्या आला तरी तिला शिवत नाही. रात्रभर राहायचं असतं तिला. पाला आणि पाणी ठेवा."

मी तो कप्पा घातला, जाळी घातली. पाला आणि पाण्याची पितळी आता १४३ व्या पानावर आहे.